बे

— बे.
— कापूस, कापसाला. पाटील, पाटलाला.
— लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच, पुढं जिन्यानं.
— डावा. गुडघ्याखाली चार बोटं.
— काल.
— चहा घे, पार निवला.
— गूळ.
— अकरा दिवस.
— बे.

संगमेश : बघ. 'बे' म्हणली. पुन्हा 'बे' म्हणली. अजून किती वेळा लावणार हायस ते?

दिपाली : हळू बोल, संगू. आत आईचा डोळा लागलाय.

संगमेश : सकाळपासनं मोबाइल कानाला लावून बसलीयस. एका अक्षराचं रेकॉर्डिंग. एका अक्षरात काय सापडणार हाय, ताई?

दिपाली : पाय काढायला ती हो म्हणतेय की नाही, ते सापडणार आहे.

संगमेश : ते सापडलंय की. त्या सिस्टरनं सांगितलं न्हवं? कानडीत 'बेकु' म्हणजे पायजे. आई 'बे' म्हणती. म्हणजे पायजे. ऑपरेशन पायजे. संपला विषय.

दिपाली : आणि 'बेड' म्हणजे नको. तेही त्याच सिस्टरनं सांगितलं. तेसुद्धा 'बे'नंच सुरू होतं. तू अर्धंच ऐकलंस.

संगमेश : मला लागणारं तेवढं ऐकलं.

दिपाली : डॉक्टर काय म्हणाले, तेही अर्धंच ऐकलंस का? पेशंट शुद्धीवर आहे, तिला समजतंय, तिची इच्छा विचारा, असं म्हणाले ते.

संगमेश : पाय ठेवला तर आठ दिवस, असंही म्हणले. बोटं बघितलीस का तू तिची? मी बघितली. आपल्या भाकरीच्या तव्यासारखी झाल्यात. शुगर काय थांबत न्हाय कुणाची इच्छा विचारायला.

दिपाली : आणि काढला तर ती टेबलावरून परत येईलच, असं कुठं म्हणाले? हृदय सोसेल की नाही सांगता येत नाही म्हणाले. तिला काय पाहिजे हे तिला विचारायला नको?

संगमेश : विचार की. कोण नको म्हणतंय? मान हलवायला सांग.

दिपाली : मान सगळ्यालाच हलते. 'मी दिपाली ना?' म्हटलं, हलली. 'मी संगमेश ना?' म्हटलं, तरी हलली. बोट दाब म्हटलं तर दरवेळी दाबते. डोळे मीट म्हटलं तर झोपते. झटका आल्यापासून अकरा दिवस हेच चाललंय. उजवा हात गेला, मराठी गेली. अख्ख्या संसारात शिकलेली मराठी, एका सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता गेली. राहिली ती लहानपणची कानडी. आणि तीही अख्खी नाही. शब्दाचं पहिलं अक्षर येतं, मग तोंड थांबतं.

संगमेश : मला तर पहिल्या दिवशी वाटलं, मलाच 'बे' म्हणती. जन्मभर शिव्या घातल्या तिनं मला. काय बे, ये बे, बोकडासारखा बे बे करू नकोस. म्हणलं, आता स्वतःच लागली.

दिपाली : हसू नकोस.

संगमेश : हसत न्हाय बे.

दिपाली : मला 'बे' म्हणू नकोस.

संगमेश : तोंडात बसलंय, काय करू. गॅरेजवर दिवसभर तेच.

दिपाली : मराठी उरली असती ना तिची, तर एका अक्षरावर भागलं असतं. 'पा' म्हणाली असती तर पाहिजे. 'न' म्हणाली असती तर नको. पहिल्याच अक्षराला दोघं वेगळे पडतात. पण कानडीतले हे दोन शब्द शेवटालाच वेगळे होतात, आणि तिचा नेमका शेवट गेलाय.

संगमेश : ताई, हा तुझा आठवीचा वर्ग न्हाय.

दिपाली : माहितीय.

संगमेश : मग चहा पी. आणि पिंकीला फोन कर, पोरगी घरी एकटी बसलीय तुझी. चारला न्यायचं म्हणजे तिला बघायला यायचं असलं तर आत्ता निघाय पायजे.

दिपाली : चारपर्यंत सांगायचंय. आत्ता दोन वाजून वीस.

संगमेश : तेच की.

दिपाली : दोन दिवस ती 'काल' म्हणत होती. आठवतंय? 'काल, काल.' तो एकच शब्द तिचा अख्खा निघत होता. आणि मी बाजूला बसून तिला काल काय काय झालं ते सांगत होते. काल पिंकीचा पेपर होता. काल तुझ्या गल्लीत पाणी आलं नाही. काल तुझ्या भाकरी न्यायला हॉटेलवाला आला होता, त्याला परत पाठवला. परवा सिस्टर आली, ऐकलं तिनं, आणि म्हणाली, मॅडम, काल म्हणजे पाय.

संगमेश : पाय दुखतोय म्हणत असंल.

दिपाली : पाय दुखतोय म्हणत होती, आणि मी तिला नळाचं पाणी सांगत होते.

संगमेश : आपल्याला कुटं येती कानडी? आजीनं बोलूच दिलं न्हाय तिला. 'घरात हेल काढायचा नाही.' आपल्याशी बोलली असती तर आली असती.

दिपाली : आजीचं नाव घेऊ नकोस फक्त. मी काय केलं? चौथीत होते. आई म्हणायची, 'तो भाकरी गरम हाय, खा.' मी म्हणायचे, 'तो भाकरी नाही, आई, ती भाकरी. म्हण. परत म्हण.' वीस-वीस वेळा म्हणायला लावायचे. ती म्हणायची. भाकरी थापत थापत म्हणायची, ती भाकरी, ती भाकरी. कानडीत भाकरी बाई पण नसते आणि पुरुष पण नसते, हे मला बी.एड. झालं तरी ठाऊक नव्हतं. आणि तीस वर्षं मी पोरांना व्याकरण शिकवतेय.

संगमेश : वीस.

दिपाली : काय?

संगमेश : वीस वर्षं शिकवतीयस. तीस न्हाय. रडायचं तर नीट आकड्यानं रड.

दिपाली : तू तरी आईकडं बस जरा जाऊन. मी परत ऐकते.

संगमेश : परत?

— बे.

दिपाली : संगू.

संगमेश : आता काय?

दिपाली : गूळ.

संगमेश : गूळ काय?

दिपाली : आईला बोलतं करावं म्हणून सिस्टरकडून मी दहा-बारा शब्द लिहून घेतले. हे बघ वहीत. काम, केलस. विस्तव, बेंकी. चांदी, बेळ्ळी. गूळ, बेल्ल. सिस्टर 'बेल्ल' म्हणाली. पण आई कुठं असं म्हणायची? आजी देवळात गेली की फडताळातला डबा काढायची आणि...

संगमेश : ब्यल्ल.

दिपाली : हां.

संगमेश : 'ब्यल्ल, ब्यल्ल, लवकर खा.' मुठीत लपवून द्यायची. हात चिकट व्हायचा. आपल्याला येणारा तो एकच कानडी शब्द.

दिपाली : सिस्टर म्हैसूरकडची आहे. ती 'बे' म्हणते तिथं आईच्या तोंडात 'ब्य' होता. मग आई 'बेड' तरी म्हणते का? आपण सिस्टरच्या कानडीत आईला ऐकतोय, संगू. मावशीला फोन लाव.

संगमेश : जगदेवी मावशीला? नको.

दिपाली : का नको? तिला अजून सांगितलंच नाहीयस ना तू?

संगमेश : सांगितलं की ती पहिल्या गाडीनं येणार, आणि म्हणणार, गावाकडं न्या, माझ्या अक्काला कापू नका. मला हितं तमाशा नकोय.

दिपाली : सख्खी बहीण आहे ती. आईची कानडी बोलणारं तेवढंच एक माणूस जिवंत आहे. दे इकडं. मी लावते, स्पीकरवर.

जगदेवी : कोन?

दिपाली : मावशी, मी दिपाली. सोलापूरहून.

जगदेवी : दिपाली? मी शेतात हाय ग, तुरीत. वारा लई हाय. जोरानं बोल. अक्का बरा हाय का?

दिपाली : मावशी, आईला झटका आलाय. अकरा दिवस झाले. दवाखान्यात आहे. उजवी बाजू गेली, बोलता येत नाही.

जगदेवी : अकरा.

दिपाली : चुकलं मावशी. तुम्हाला कळवायला पाहिजे होतं.

जगदेवी : अकरा दिवस मी हितं शेंगा तोडतोय, आनि अक्का तितं पडलाय. मला कुनी फोन केला न्हाय.

संगमेश : मावशी, चूक माझी हाय. ताईची न्हाय. पण आत्ता भांडू नका. टाइम न्हाय.

जगदेवी : संगू हाय व्हय रं बाजूला? तुज्याशी मागनं बोलतो मी. दिपाली, सांग काय करू. येऊ का? अक्कलकोटापासनं गाडी हाय तीनचा.

दिपाली : या. पण त्याआधी मला काही शब्द सांगा. मी मराठीत म्हणेन, तुम्ही तुमच्या गावात जसं म्हणता तसं म्हणा. जसं आई आणि तुम्ही आपसात बोलता.

जगदेवी : शब्द? आता?

दिपाली : हात जोडते, मावशी. काम.

जगदेवी : क्यलस.

दिपाली : विस्तव.

जगदेवी : बेंकी.

दिपाली : चांदी.

जगदेवी : बेळ्ळी. तुज्या आईचा तोडा बेळ्ळीचा, मोडला न्हाय ना?

दिपाली : नाही, आहे. गूळ.

जगदेवी : ब्यल्ल.

दिपाली : पाहिजे.

जगदेवी : बेकु.

दिपाली : नको.

जगदेवी : ब्याड.

दिपाली : परत सांगा.

जगदेवी : ब्याड. ब्या-ड.

दिपाली : 'बेड' नाही?

जगदेवी : बेड मैसूरवाल्याचा. आमच्याकडं बेड म्हंजे तुमच्या दवाखान्यातला खाट. आमी ब्याड म्हनतो.

दिपाली : संगू, हे बघ. वहीत बघ.

संगमेश : बघतोय.

दिपाली : बेंकी, बेळ्ळी, बेकु. शेवटी इ किंवा उ आहे, तिथं सुरुवातीचा 'बे' जागेवर राहिला. ब्यल्ल, क्यलस, ब्याड. शेवटी अ आहे, तिथं सुरुवात फाकली. मागून जे येणार आहे त्यासाठी तोंड आधीच तयार होतं. कापूस म्हणतोस ना तू? मग 'ला' लावला की कापूसला नाही म्हणत, कापसाला म्हणतोस. पाटीलला नाही, पाटलाला. शेपूट मागं लागतं आणि पोटातलं अक्षर आधीच बदललेलं असतं. कुणी नुसतं 'कापसा' म्हणून थांबलं, तरी तुला कळतं की पुढं काहीतरी राहिलंय.

संगमेश : टायरला कुटं लागतं असं? टायरला म्हणजे टायरलाच.

दिपाली : टायर परवा आलाय रे आपल्याकडं. कापूस जुना आहे.

संगमेश : बरं मग? त्यातनं काय निघतं?

दिपाली : आईच्या शब्दाचं शेपूट तुटलंय, पण तुटण्याआधी त्यानं डोक्यावर खूण केलेली असणार. पाहिजे असेल तर 'बे'. नको असेल तर 'ब्या'. एका अक्षरात आहे ते, संगू. सकाळपासून कानात आहे माझ्या.

संगमेश : 'बे'च हाय ते. मी शंभरदा ऐकलंय.

दिपाली : तुझ्या कानाला सगळीकडं 'बे'च ऐकू येतो. मलाही तोच ऐकू आला. सिस्टरनं 'बेकु' नि 'बेड' सांगितलं आणि मी वहीत अकरा वेळा 'बे' लिहिलं. मी तेच लिहिलं जे ऐकायचं ठरवलं होतं. मावशी, आहात ना?

जगदेवी : हाय. बांधाला आलोय, हितं वारा कमी हाय.

दिपाली : मी आईचा आवाज लावते. फोनला फोन लावून. नीट ऐका, आणि सांगा काय म्हणते ती.

— ब्या.

जगदेवी : अक्का.

दिपाली : मावशी?

जगदेवी : अक्काचा आवाज हाय. बारीक झालाय लई.

दिपाली : काय म्हणते?

जगदेवी : ब्याड म्हनतीया की. ब्याड. त्यात काय इचारायचं. अर्धा म्हनला, पन ब्याड हाय.

संगमेश : मावशी, पुन्हा ऐका. वाऱ्यात नीट येत नसंल.

जगदेवी : अरं, अक्कानं लहानपनी माज्यासंगं ज्वारी राखली. तिचा ब्याड मला वाऱ्यात ऐकू येतो.

दिपाली : संगू. ती नको म्हणतेय.

संगमेश : एका बाईनं फोनवर सांगितलं म्हणून?

दिपाली : तू स्वतः ऐक. आता ऐक. मागं 'ड' आहे असं धरून ऐक.

— ब्या.

दिपाली : ऐकलंस?

संगमेश : मला काय बी कळत न्हाय.

दिपाली : ऐकलंस तू. तोंड बघ स्वतःचं.

जगदेवी : दिपाली, एक सांग. तू तिला इचारलास काय?

दिपाली : पायाचं विचारलं. डॉक्टर काढायचा म्हणतायत. डावा. गुडघ्याखाली.

जगदेवी : आई ग. ते न्हाय. कसा इचारलास ते सांग. कानडीत इचारलास का?

दिपाली : हो. सिस्टरनं दोन शब्द शिकवले तेवढ्यावर.

जगदेवी : कुठला दोन?

दिपाली : 'काल, बेका?'

जगदेवी : आनि?

दिपाली : एवढंच.

जगदेवी : अगं, काल बेका म्हंजे पाय पायजे का. मग ती ब्याड म्हनली. म्हंजे पाय ब्याड. पाय नको म्हनली ती.

संगमेश : काय म्हणले?

जगदेवी : पाय नको असा झालं की हे. काढा असा झालं. तसा म्हनली का दुसरा काय म्हनली, देवाला म्हायती. परश्न अर्धा हाय, त्याला उत्तर कसा देनार?

संगमेश : ऐकलंस ताई? पाय नको. म्हणजे काढा. म्हणजे ऑपरेशन पायजे. मी सकाळपासनं हेच सांगतोय.

दिपाली : मला 'काढायचा' म्हणायचं होतं.

संगमेश : पण म्हणली न्हाईस.

दिपाली : मला क्रियापद येत नव्हतं.

संगमेश : ताई.

दिपाली : दोनच शब्द येत होते मला तिचे. गूळ धरून तीन. आईचा पाय काढायचा की नाही विचारायला गेले, आणि माझ्याकडं क्रियापद नव्हतं. तिनं काय समजायचं? तिनं आपली अर्धी बोली पुढं केली आणि मी त्याहून अर्धी. दोन अर्ध्यांनी ठरवायला निघालो होतो आपण.

संगमेश : रडू नको. लोक बघत्यात.

दिपाली : बघू देत.

जगदेवी : दिपाली. ऐक ग. फोन तिच्याकडं ने. मी इचारतो. नीट इचारतो, पुरा.

दिपाली : चालेल. चला. किती वाजले?

संगमेश : पावणेतीन. पण आत एकालाच सोडतात.

दिपाली : दोघं जाऊ. काय करतील? हाकलतील. तू पण चल, संगू. मी नंतर सांगितलेलं तुला पटणार नाही. तुझ्या कानानं ऐक.

(आत पलंग खिडकीशी होता. चादरीखाली डावा पाय एका उशीवर ठेवलेला, आणि दिपाली त्याच्याकडं न बघता आईच्या कानाशी फोन धरून उभी राहिली. आईचे, रत्नम्माचे, डोळे उघडेच होते. संगमेश पायथ्याशी थांबला.)

जगदेवी : अक्का. अक्का, ना जगदेवी.

दिपाली : मान वळवली तिनं. मावशी, तुमच्या आवाजाकडं मान वळवली. बोला.

जगदेवी : मी सांगतो तिला पयला सगळं. पाय सडलाय, डॉक्टर काढा म्हनतोय, न्हाय काढला तर जानार. काढला तर जगल का, त्ये बी कुनाला म्हायत न्हाय. समदा सांगतो. थांब.

संगमेश : काय बोलतीय मावशी एवढं?

दिपाली : गप. बोलू दे. आईचे डोळे बघ.

जगदेवी : झालं सांगून. आता इचारतो. अक्का, काल तेगीली? बेकु? ब्याड?

दिपाली : काय विचारलंत?

जगदेवी : पाय काढू द्या का. पायजे का नको.

रत्नम्मा : ब्या.

दिपाली : मावशी, आता उलटं विचारा. पाय राहू दे का, असं. एकच अक्षर अडकलं असेल तिचं तोंडात, तर तेच परत येईल. उलटं विचारलं की उत्तर बदलायला पाहिजे.

जगदेवी : अक्का, काल इरली? हंगे इरली?

रत्नम्मा : बे.

जगदेवी : बेकु म्हनली.

दिपाली : संगू?

संगमेश : पुन्हा विचार म्हणावं.

दिपाली : तू ऐकलंस.

संगमेश : पुन्हा. मरशील म्हणावं. कळू दे तिला. मावशी, मरशील म्हणून सांगा तिला कानडीत. पाय ठेवला तर मरशील. मग विचारा.

जगदेवी : संगू, लेकरा, सांगितलंय मी त्ये.

संगमेश : पुन्हा सांगा की. काय जातं तुमचं?

जगदेवी : अक्का. सत्त होगती, अक्का. काल तेगीली?

रत्नम्मा : ब्या...

दिपाली : थांब. अजून काहीतरी म्हणतेय.

रत्नम्मा : ...ड.

जगदेवी : ब्याड.

दिपाली : शेवटापर्यंत म्हणाली. अकरा दिवसांत पहिल्यांदा हा शब्द शेवटापर्यंत म्हणाली. आई, बास. बास. कळलं. झोप आता.

संगमेश : व्हय.

दिपाली : काय व्हय?

संगमेश : ऐकू आलं. वेगवेगळं हाय ते. 'बे' वेगळं, 'ब्या' वेगळं.

दिपाली : मला वाटलं होतं, मी बरोबर ठरले की बरं वाटेल.

संगमेश : वाटतंय का?

दिपाली : नाही. तिनं 'बे' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतंय. मी सकाळपासून तुझ्याशी भांडले, आणि आता मला 'बे'च पाहिजे होतं.

संगमेश : जाऊ बाहेर. सिस्टर बघतीय.

दिपाली : संगू, एक विचारू?

संगमेश : काय?

दिपाली : मी सकाळपासून 'चारपर्यंत' म्हणतेय. तू 'चारला' म्हणालास.

संगमेश : एकच की.

दिपाली : एक नाही. चारपर्यंत सांगायचं असतं. चारला न्यायचं असतं. पिंकीला बोलवून घे म्हणालास, चारला न्यायचं म्हणजे. फॉर्म कुठाय?

संगमेश : ताई.

दिपाली : डॉक्टरांनी दिलेला संमतीचा फॉर्म. तुझ्या खिशात होता काल. कुठाय?

संगमेश : खाली हाय. ऑफिसात. सही करून दिला.

दिपाली : कधी?

संगमेश : साडेनऊला. तू चहा आणाय गेलतीस तवा.

दिपाली : आणि मग मी पाच तास ते अक्षर ऐकत बसले, तेव्हा तू शेजारी होतास.

संगमेश : तू काय तरी करत होतीस. मला बरं वाटत होतं तू काय तरी करतीयस म्हणून. मला वाटलं, 'बे'च निघंल. निघालं असतं तर सही बरोबर झाली असती. मला ती पायजे हाय, ताई. एका पायानं पायजे, बिनबोलती पायजे, कशी बी. हॉटेलवाला म्हणतो, भाकरी दुसरीकडनं घेतो. घे म्हणलं. मला भाकरी नकोय. ती घरात खाटेवर पायजे, एवढंच. त्यात काय चुकलं माझं?

दिपाली : काही नाही चुकलं.

संगमेश : शिव्या घाल की.

दिपाली : नाही घालणार.

संगमेश : किती वाजले?

दिपाली : तीनला पाच कमी.

संगमेश : खाली जाऊन येतो.

दिपाली : काय सांगशील?

संगमेश : सांगतो, पेशंट न्हाय म्हणतीय. सही माघारी द्या. कसं कळलं विचारतील. काय सांगू? 'ब्या' म्हणली, 'बे' न्हाय म्हणली, असं सांगू? येड्यात काढतील.

दिपाली : मी येऊ का?

संगमेश : नको. तू बस तिच्यापाशी. मावशी आली की तिला घेऊन परत ऐकवू डॉक्टरला. तवर थांबवतो. काय बी करून थांबवतो बे.

दिपाली : संगू.

संगमेश : काय?

दिपाली : जिन्यानं जा. लिफ्ट इथपर्यंत येत नाही.

संगमेश : म्हायती हाय.

जगदेवी : दिपाली.

दिपाली : अगं बाई, मावशी. फोन चालूच राहिला. ऐकलंत सगळं?

जगदेवी : ऐकलं. मी रस्त्यावर आलोय, गाडी दिसतोय लांबनं. संगूला बोलू नको काय. मी पन बोलनार न्हाय.

दिपाली : नाही बोलणार.

जगदेवी : अक्का झोपला का?

दिपाली : डोळे मिटलेत. मावशी, मला शिकवाल? आल्यावर? 'पाय दुखतो का', 'पाणी देऊ का', 'कूस बदलू का', एवढं तरी. क्रियापदासकट.

जगदेवी : शिकवतो. सोपा हाय. तुज्या आईनं तुमचा शिकला, त्यो आवघड.

दिपाली : तिला कुणी शिकवलं?

जगदेवी : कुनी न्हाय. लग्नाच्या दिशी अक्काला मराठी एकच शब्द येत हुता. व्हय.